परसदारची खिचडी

जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारच्या सुट्टीत एकदा जाऊन पाहा. समोर कमान आहे, ध्वजस्तंभ आहे, भिंतीवर फुले, शाहू, आंबेडकरांची चित्रे आहेत. वर्गात टीव्हीचा पडदाही आला आहे. पण जिथे रोज शंभर लेकरांचे अन्न शिजते ती जागा शोधायला इमारतीला वळसा घालून मागे जावे लागते. धुराने काळी पडलेली पत्र्याची खोली, एका अंगाला मुताऱ्या, दुसऱ्या अंगाला मोडक्या बाकांचा ढीग, आणि दारासमोर हातात ताटल्या घेऊन उभी असलेली पोरांची रांग. सगळ्याच शाळा अशा नाहीत, हे आम्हाला मान्य आहे. पण अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, आम्ही ज्या शाळा पाहिल्या त्यांपैकी बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर पाठीमागेच होते.

जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका शाळेत आम्ही ती रांग नीट पाहिली. शाळेचे नाव देत नाही, कारण दोष एका शाळेचा नाही. रांगेत बौद्ध वस्तीतली, मातंग वस्तीतली मुले होती, भिल्ल आणि वडार समाजाची मुले होती. गावातल्या बऱ्या घरची मुले मात्र लिंबाखाली गोल करून आपापले डबे उघडून बसली होती. काही घरी गेली होती. काही फाटकाबाहेरच्या टपरीवर पाच रुपयांच्या पुड्या फोडत होती. गुरुजी म्हणाले, "आमच्याकडे भेदभाव अजिबात नाही. ज्याला खायचं तो खातो." ते खोटे बोलत होते असे आम्हाला वाटत नाही. कोणी कोणाला हाकलले नव्हते, कोणी कोणाला अडवले नव्हते. तरीही पंगत आपोआप दोन ठिकाणी बसली होती. नोंदवहीत मात्र हजर असलेली सगळीच मुले जेवली होती!

ही रांग पाहून आमच्यातल्या जुन्या माणसांना दुसरेच काही आठवते. येसकराची पाळी ज्याच्याकडे असे तो महार दिवसभर गावकी करून संध्याकाळी भाकरी मागायला निघे. घराच्या पुढच्या दाराने नव्हे, परसदाराने. अंगणाबाहेर उभे राहून हाळी द्यायची आणि वरून टोपल्यात पडेल ते घ्यायचे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले, ते या परसदारातून माणसाला बाहेर काढण्यासाठी. महार वतनाविरुद्ध त्यांनी मुंबई कायदेमंडळात जी लढाई दिली तिचेही मूळ तेच होते. म्हणून आमच्या समाजातली एखादी आजी जेव्हा नातवाला म्हणते, "बाळा, ताटली घेऊन तिथं उभा राहू नको, घरी येऊन खा," तेव्हा तिला अडाणी समजू नये. तिच्या आयुष्याचा अनुभव बोलत असतो.

पण आजीला एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. ही खिचडी येसकराची भाकरी नाही. ती कोणाच्या दयेवर मिळत नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात शिजवलेले अन्न मिळत नव्हते. ऐंशी टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीत घालून मूल घरी न्यायचे. पीयूसीएल या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारांना बजावले की कोरडे धान्य चालणार नाही, सहा महिन्यांत शाळेत शिजवलेले जेवण द्या. त्याच प्रकरणात २० एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालयाने सांगितले की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींना प्राधान्य द्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांचे हे जेवण संसदेच्या कायद्यात आले. २०२१ मध्ये योजनेचे नाव बदलून पीएम पोषण झाले, हक्क तोच राहिला.

हक्क कागदावर आला, पण तो मुलाच्या हातात कसा पडतो हे त्या खोलीच्या जागेवर ठरते. सरकारच्या मापात शंभर मुलांपर्यंत स्वयंपाकघर आणि कोठी मिळून वीस चौरस मीटर जागा धरली आहे, पुढच्या प्रत्येक शंभर मुलांमागे चार चौरस मीटर जास्त. म्हणजे पातेले कुठे ठेवायचे आणि तांदळाची पोती कुठे रचायची याचा हिशेब झाला. मूल कुठे बसेल याचा हिशेब झाला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची वाचा. शाळेला वर्गखोल्या हव्यात, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे हवीत, पाणी हवे, क्रीडांगण हवे, कुंपण हवे, आणि माध्यान्ह भोजन शिजवायला स्वयंपाकघर हवे. जेवायची जागा त्या यादीत नाही. ज्या देशात कोण कोणाशेजारी बसून जेवतो यावर हजारो वर्षे माणसाची किंमत ठरली, त्या देशात शाळेतल्या जेवणाचा कायदा करताना बसण्याचाच विचार राहून जावा, याला आम्ही केवळ विसरभोळेपणा म्हणायला तयार नाही.

स्वयंपाकघर मागे का गेले याला एक कारण सांगितले जाते आणि ते खरे आहे. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून आग लागली, ती गवताच्या छपराला धरली आणि ९४ मुले जळून मेली. तेव्हापासून स्वयंपाकघर वर्गांपासून वेगळे असावे याचा आग्रह वाढला. तो असलाच पाहिजे. पण वेगळे म्हणजे दडवलेले नव्हे. बरोबर नऊ वर्षांनी, १६ जुलै २०१३ रोजी, बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेचे जेवण खाऊन २३ मुले मेली. स्वयंपाकाच्या तेलात कीटकनाशक होते. तेल कशात ठेवले आहे, तांदूळ कशाशेजारी ठेवला आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्या पालकाला दिसावे असे स्वयंपाकघर असेल तर अशा गोष्टींवर चार डोळे जास्त राहतात. मागच्या अंगणातल्या बंद खोलीवर कोणाचेच राहत नाहीत.

आता जातीकडे येऊ, कारण खरी अडचण तीच आहे. प्रा. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी पाच राज्यांतल्या ५३१ गावांच्या पाहणीवर आधारलेला लेख २००५ मध्ये प्रसिद्ध केला. शाळेचे जेवण आणि रेशन दुकान यांत दलितांना काय वागणूक मिळते हे त्यांनी तपासले. जेवण कोणत्या वस्तीत शिजते आणि वाटले जाते, ते कोण शिजवते, मुलांना कसे बसवले जाते, हे प्रश्न त्यांनी विचारले. जागा हाच भेदभावाचा एक प्रकार असू शकतो हे त्या लेखाने आकड्यांनिशी मांडले. महाराष्ट्र त्या पाच राज्यांत नव्हता, म्हणून आपल्याकडे सगळे आलबेल आहे असे समजायचे कारण नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचे जेवण नाकारले, तिला कामावरून काढले गेले आणि देशभर ओरड झाल्यावर परत घेतले गेले. आपल्याकडे एवढा गाजावाजा होत नाही. आपल्याकडे मुलाच्या दप्तरात गुपचूप डबा येतो.

आणि हा कोणता जिल्हा आहे? जानेवारी २०१३ मध्ये सोनईत मेहतर समाजाच्या तीन तरुण सफाई कामगारांना मारून टाकले तो हा जिल्हा. २८ एप्रिल २०१४ रोजी खर्ड्याचा शाळकरी पोरगा नितीन आगे मारला गेला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या खटल्यातले सगळे आरोपी निर्दोष सुटले, तोही हाच जिल्हा. याला दलित अत्याचारग्रस्त जिल्हा जाहीर करा अशी मागणी चळवळीने केली होती. इथे सहा वर्षांची पोरे एका ओळीत मांडीला मांडी लावून जेवतात की नाही, ही किरकोळ गोष्ट नाही.

याच मातीत वेगळेही घडले आहे. नगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी स्वतःची शाळा काढली, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. जेवणाच्या बाबतीत मात्र आपण कर्मवीर भाऊराव पाटलांना विसरतो. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये निघाली, १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृह सुरू केले आणि तिथे महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन मुलांना एकाच चुलीवरचे अन्न एकाच पंगतीत वाढले. कर्मवीर स्वतः जैन. कोल्हापुरात शिकताना अस्पृश्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला म्हणून त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. साताऱ्याच्या त्या चुलीसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने, शेवटी मंगळसूत्रही दिले. नगर जिल्ह्यात आज रयतच्या कितीतरी शाळा आहेत. कर्मवीरांच्या पुतळ्याला दरवर्षी हार पडतो. त्यांची पंगत मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेच्या अंगणात अजून नीट बसलेली नाही.

हा प्रश्न फक्त आपलाच आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये २०१३ साली सरकारच्या सांगण्यावरून शाळेच्या जेवणाचा आराखडा तयार झाला. तेव्हा शाळेत शिजलेले जेवण घेणारी मुले ४३ टक्केच होती, बाकीची डबा आणत किंवा बाहेर खात. आराखडा करणाऱ्यांनी पदार्थांबरोबर जेवणाच्या खोलीकडे, लांबलचक रांगेकडे आणि शिक्षक मुलांसोबत बसून जेवतात का याकडेही बोट दाखवले. तेव्हा तिथे गरीब घरच्या मुलाला जेवण फुकट मिळे आणि इतरांना पैसे पडत. कोण फुकट जेवतो हे रांगेत कळू नये म्हणून अनेक शाळांनी रोख पैसे घेणे बंद केले, सगळ्यांचा हिशेब एकाच पद्धतीने ठेवला. लाज घालवायची तर ती जिथे तयार होते ती जागा बदलावी लागते, हे त्यांना कळले. जपानमध्ये तर मुले पांढरे झगे घालून स्वतःच वर्गात जेवण वाढतात आणि शिक्षक तेच जेवण त्यांच्याबरोबर जेवतो. आपल्याकडे शिक्षकाने अन्नाची चव घेऊन वहीत सही करायची असते. चव घेतली जाते, एक चमचा. नंतर गुरुजींचा डबा कार्यालयात उघडतो.

मग स्वयंपाकघर कसे असावे? आम्ही काही महाल मागत नाही. ते वर्गांपासून सुरक्षित अंतरावर पण शाळेच्या फाटकातून दिसेल असे पुढच्या किंवा बाजूच्या अंगणात असावे. धूर कोंडणारी पत्र्याची पेटी नसावी. वर हवा जायला झरोका, आत गॅस आणि उभ्याने काम करता येईल असा ओटा हवा. वाढायची खिडकी मुलाच्या उंचीची हवी. त्या दक्षिणेकडच्या शाळेतल्या स्वयंपाकीण मावशी आम्हाला म्हणाल्या, "दादा, मला नुसत्या ताटल्याच दिसतात, पोरांची तोंडंच दिसत नाहीत." खिडकी होती त्यांच्या छातीपर्यंत, पोरे तिच्या खाली. कोणाला भूक जास्त आहे, कोण आज आजारी दिसतो, कोणाला पुन्हा मागायची लाज वाटते, हे तोंड पाहिल्याशिवाय कसे कळणार? खिडकी दीड-दोन हात खाली घ्यायला गवंड्याचे एका दिवसाचे काम आहे.

दुसरी गोष्ट बसण्याची. स्वयंपाकघराला लागूनच छप्पर असावे, खाली शहाबादी फरशी, मुलांना ओळीने बसता येईल असे लांब आखूड उंचीचे ओटे. मार्च-एप्रिलच्या उन्हात ताटली घेऊन मूल सावली शोधत फिरते आणि जिथे सावली सापडते तिथे आपापल्या ओळखीच्यांत जाऊन बसते. गावातली ओळख म्हणजे वस्तीची ओळख, वस्तीची ओळख म्हणजे जातीची. छप्पर एकच असेल आणि ओळी हजेरीच्या क्रमाने बसतील तर शेजारी कोण बसेल हे जात ठरवणार नाही. जागा कमी असेल तर पहिली-दुसरी आधी, तिसरी-चौथी नंतर, असे करता येते. गावजेवणात आमची पंगत सगळ्यात शेवटी आणि उकिरड्याच्या कडेला बसायची, हे विसरलेले लोक म्हणतात की कुठेही बसले तरी अन्न तेच. नाही, अन्न तेच नसते.

तिसरी गोष्ट ताटल्यांची, आणि आम्हाला वाटते सर्वांत महत्त्वाची. अनेक शाळांत मुलाने ताटली घरून आणायची असते. स्टीलची चकचकीत, जर्मनची चेपलेली, प्लॅस्टिकची चिरलेली. कोणाचे घर कसे आहे हे दप्तर उघडताच कळते. ताटली विसरलेले मूल जेवतच नाही, किंवा मित्राचे जेवून होण्याची वाट पाहते. शाळेने सगळ्यांना सारख्या स्टीलच्या ताटल्या द्याव्यात, त्या शाळेतच धुवाव्यात आणि शाळेतच ठेवाव्यात. धुवायला आणि हात धुवायला एक लांब नळकोंडाळे हवे, सगळ्यांना तेच. सातारच्या शाळेत शिपाई आला तरच भीमरावांना पाणी मिळत असे, शिपाई नसला तर तहान तशीच राहायची. त्या देशात एक सामाईक नळ ही छोटी वस्तू नाही.

आणि ताटात काय आहे तेही सांगायला हवे, नुसती खिडकी खाली करून मूल थांबणार नाही. प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, वरच्या वर्गाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने, हे सरकारचे माप आहे. मे २०२५ पासून धान्य सोडून बाकी साहित्यासाठी प्राथमिकच्या मुलामागे ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे १० रुपये १७ पैसे ठरले. यातच डाळ, तेल, भाजी, मीठमसाला आणि सरपण-गॅस. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरवले, न खाणाऱ्यांना केळे. काही पंथीयांनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा निधी थांबवला आणि लोकवर्गणीतून द्यायचे असेल तर द्या असे सांगितले. ज्या घरात महिन्यातून एकदा अंडे शिजते त्या घरच्या मुलाचे अंडे काढून घेतले आणि वर्गणी गोळा करायचे काम गुरुजींच्या गळ्यात घातले. अंड्याच्या दिवशी मुले शाळेत जेवायला थांबतात, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. डबे घेऊन लिंबाखाली बसणारीसुद्धा त्या दिवशी रांगेत येतात. स्वयंपाकघराच्या नव्या आराखड्यात अंडी उकडायचे मोठे पातेले आम्हाला पहिले हवे.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले मागे ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे चालतात. नातेवाइकांकडे राहून ती मुले सकाळ-संध्याकाळ जेवतात. अशा गावांत शाळेचे स्वयंपाकघर दुपारपुरते नसून काही महिने तेच घर असते. तिथे तरी मुतारीशेजारची खोली चालणार नाही.

पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाईल. ग्रामपंचायतीकडे, जिल्हा परिषदेकडे, आमदारांकडे जा. एवढेच पाहा की ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला मागासवर्गीयांसाठीचा १५ टक्के निधी इकडे वळवला जाऊ नये. तसा डाव टाकला जाईल. "तुमच्याच मुलांसाठी आहे ना," असे गोड बोलून. पंगत सगळ्या गावाची आहे, तर खर्चही सगळ्या गावाचा.

आपल्या बाजूचाही एक दोष बोलला पाहिजे. आपल्यातली नोकरदार मंडळी मुलांना इंग्रजी शाळेत घालून मोकळी झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत राहिलेल्या पोरांची खिचडी हा आता त्यांचा विषय उरलेला नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या वर्गणीची बैठक रात्री बारापर्यंत चालते, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला मात्र आपला प्रतिनिधी सही करून निघून जातो. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा दिल्या आहेत. या खुर्च्या आपल्या आहेत. स्वयंपाकीण नेमताना २००४ च्या आदेशाप्रमाणे प्राधान्य पाळले का, हे तिथे विचारता येते. त्या बाईला २०२३ पर्यंत महिन्याला १,५०० रुपये मानधन होते, नंतर २,५०० झाले, तेही वर्षातले दहाच महिने. शंभर मुलांसाठी दोन स्वयंपाकी असा नियम आहे, त्याप्रमाणे दुसरी बाई नेमली आहे का, हेही विचारता येते.

येत्या बैठकीला जाताना एक माप घेण्याची टेप सोबत न्या. खिडकीची उंची, दारापासून मुतारीचे अंतर, नळ किती, ताटल्या किती, हे मोजून घ्या. जागा बदलण्याचा, छप्पर घालण्याचा आणि शाळेच्या ताटल्यांचा असे ठराव मांडा, ते इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्या आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. पोच दिली नाही तर रजिस्टर टपालाने पाठवा.